खाडा

उत्तर इंग्लंडातल्या विगनला राहायला गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी आईला फोनवर सांगितलं, "आज पाय खाल्ला, पावात घालून." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "कुणाचा?"

पाय म्हणजे मांस-बटाट्याचं सारण भरून भाजलेली जाडजूड कचोरी म्हणा हवं तर. ती ही मंडळी लोणी लावलेल्या गोल पावात अख्खी कोंबतात. मैद्यात मैदा. वडापावावर वाढलेल्या माणसाला त्यात वावगं काहीच वाटू नये, पण बाकीचं इंग्लंड विगनकरांना यावरून चिडवतं. 'पाय खाणारे' हे त्यांचं टोपणनाव आहे आणि ते ते खुशाल मिरवतात.

ऑफिस मँचेस्टरला होतं. तिथलं भाडं झेपेना म्हणून मी गाडीने पाऊण तासाच्या आत येणारं विगन धरलं. शेजारच्या घरात एक आजोबा एकटेच राहायचे. माझ्या हातातल्या टेस्कोच्या पिशव्या बघून एकदा म्हणाले, "तू जिथून दूध आणतोस ना, तिथे बिलीने ट्राय मारलेत." टेस्को उभं आहे ती जागा म्हणजे विगनच्या रग्बी संघाचं जुनं मैदान, सेंट्रल पार्क. ट्राय म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन चेंडू टेकवणं; बिलीकडे पुढे येतोच. १९९९ला ते बंद झालं, पाडलं आणि तिथे सुपरमार्केट आलं. मी म्हटलं, आमच्याकडेही असंच आहे, गिरण्यांच्या जागी मॉल झाले, माझे आजोबा आणि काका गिरणीत होते. त्यावर त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्यांची आई सूतगिरणीत होती.

"म्हणजे आमचं काम तुम्हीच नेलंत तर," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणि तुमचं कुणी नेलं?"

"जागेच्या भावाने," मी म्हणालो. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

तोवर मला रग्बी ठाऊक होती ती कुंपणाबाहेरून. कॉलेजात असताना पावसाळ्यात आझाद मैदान ओलांडून जाताना बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर चिखलात लोळणारी माणसं दिसायची. आपण छत्री सांभाळत दोन मिनिटं बघायचं, काही कळायचं नाही, निघायचं. आजोबांनी मला पहिल्याच भेटीत दुरुस्त केलं. ते जिमखान्यावरचं, ती युनियन. आमची लीग. दोन वेगळे खेळ. पुन्हा चूक करू नकोस.

चेंडू दोन्हीकडे अंड्यासारखाच. हाताने तो पुढे फेकायचा नाही, मागच्यालाच द्यायचा, हेही दोन्हीकडे सारखं. युनियनमध्ये पंधरा जण, लीगमध्ये तेरा. पण खरा फरक माणूस पडल्यावर सुरू होतो. युनियनमध्ये पडलेल्याने चेंडू सोडायचा आणि मग दोन्हीकडचे धिप्पाड गडी त्याच्या अंगावर वाकून, रेटारेटी करून चेंडू आपल्या बाजूला ठेवायला बघतात. लीगमध्ये पडलेला माणूस उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो, टाचेने मागे सारतो. समोरची फळी तोवर दहा मीटर मागे. पुन्हा धाव, पुन्हा पाडापाडी. अशा सहा संधी, सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्याचा. मी मनातल्या मनात त्याला ओव्हर म्हणून टाकलं आणि सगळं सोपं झालं. ओव्हर संपत आली की फलंदाज जसा हात मोकळे करतो, तसे हे पाचव्या पकडीनंतर लांब लाथ मारून मोकळे होतात. पकड हा शब्द माझा. टॅकल म्हणण्यापेक्षा मला तोच जवळचा, कारण बघताना सारखी कबड्डी आठवते. चढाईवाल्याला दोघातिघांनी कमरेला, घोट्याला धरून आडवं करायचं, यात नवीन ते काय?

आजोबांचं मत असं की युनियन म्हणजे शिट्टीचा खेळ, दर अर्ध्या मिनिटाला पंच काहीतरी समजावून सांगत असतो. हे मत एकांगी आहे. पण मी ते उचललं आणि अजून टाकलेलं नाही.

तर हे सगळे नियम नंतर आले. लाइन-आउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये आत फेकायची पद्धत, लीगवाल्यांनी १८९७ला काढून टाकली, पंधराचे तेरा १९०६ला केले, सहा पकडींचं गणित तर १९७२चं. मुळात खेळ एकच होता. तो फाटला पैशावरून, आणि पैसा तरी किती, दिवसाला सहा शिलिंग.

उत्तर इंग्लंडात रग्बी खेळणारे बरेचसे गिरणीत, खाणीत, गोदीत कामाला. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. सामना गावातच असेल तर ठीक. लांबच्या गावी असेल तर सकाळीच निघावं लागे, म्हणजे कामावर दांडी, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. क्लबांचं म्हणणं एवढंच की ही बुडालेली मजुरी आम्ही भरून देऊ. त्याला ते 'ब्रोकन टाइम' म्हणत. आजोबांनी हे सांगितलं तेव्हा मी मोडका वेळ, तुटका वेळ असं काहीतरी मनात जुळवत बसलो होतो आणि अचानक लख्ख आठवलं की याला आमच्या घरात शब्द आहे. खाडा.

खाडा हा शब्द मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलाय की तो गिरणीच्या भोंग्याइतकाच घरचा. काका साचेखात्यात बदली होते. बदली म्हणजे कायम नसलेला. रोज फाटकाशी जाऊन उभं राहायचं. कुणी कायमवाल्याने खाडा केला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम मिळायचं. म्हणजे एकाचा खाडा ती दुसऱ्याची भाकरी. हे गणित ज्याच्या घरात चुलीपर्यंत पोहोचलेलं आहे, त्याला १८९५ची भानगड समजायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

१८९३ला रग्बी संघटनेच्या लंडनच्या सभेत उत्तरेतल्या यॉर्कशरवाल्यांनी खाड्याची भरपाई द्यायला परवानगी मागितली. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. दक्षिणेकडच्यांनी न आलेल्या क्लबांची मतंही गोळा करून आणली होती. त्यांचा मुद्दा असा की खेळ हौसेने खेळावा. ज्यांना शनिवारची मजुरी बुडण्याची भीती नव्हती त्यांनी हौसेवर भाषणं दिली, हे मला अजिबात नवल वाटण्यासारखं वाटलं नाही. २९ ऑगस्ट १८९५ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले वीसेक क्लब जमले आणि वेगळे झाले. नॉर्दर्न युनियन असं नाव घेतलं, रग्बी लीग हे नाव पुढे १९२२ला आलं. गंमत म्हणजे या बंडखोरांनीही सुरुवातीला फक्त खाडाच देऊ केला होता. रोजगार असेल तरच खेळायला मिळेल, अशी अट काही वर्षं त्यांनीच घातलेली. नुसतं खेळून पोट भरणारा माणूस त्यांनाही जरा संशयास्पदच वाटत असावा.

लंडनने यावर केलं काय, तर वाळीत टाकलं. जो लीगकडे गेला, पैसे घेतले, नुसती चाचणी जरी खेळला, तो युनियनमधून आयुष्यभर बाद. जुन्या क्लबात खेळणं नाही, शिकवणं नाही, कित्येक ठिकाणी बारमध्ये पाऊल टाकणंही अवघड. वाळीत टाकणं हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाहीये. पाणवठा नव्हता एवढंच.

याचा सगळ्यात जास्त चटका बसला वेल्सला. तिथली युनियन साहेबलोकांपुरती नव्हती. कोळशाच्या खाणीतला माणूस, पोलादाच्या भट्टीवरचा, शाळामास्तर आणि डॉक्टर एकाच संघात असायचे. त्यामुळे वेल्स युनियनमध्येच राहिलं आणि गरिबी तर होतीच. मग उत्तरेचे क्लब पाकीट घेऊन दऱ्याखोऱ्यांतून फिरू लागले. गावात असा अनोळखी माणूस दिसला की तो बदडलाही जाई. कुणी गुपचूप चाचणी द्यायला गेला तर संघाच्या यादीत त्याचं नाव छापायचं नाही, नुसतं 'आणखी एक' असं लिहायचं. आणि एखादा गेलाच, तर लोक म्हणायचे, 'तो उत्तरेला गेला.' एवढंच. गावातून माणूस गेल्याबद्दल बोलताना आपल्याकडे जसा आवाज खाली येतो, तसा तिथेही येत असणार.

आता बिली. आजोबा हे नाव आपल्याकडे 'सचिन' म्हणतात तसं, आडनावाशिवाय घ्यायचे. बिली बॉस्टन, जन्म १९३४, कार्डिफच्या गोदीजवळची टायगर बे वस्ती, वडील सिएरा लिओनचे, आई आयरिश वंशाची, घरात अकरा भावंडं. त्याला कार्डिफकडून खेळायचं होतं, वेल्सकडून खेळायचं होतं. कार्डिफ क्लब त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथून बोलावणं आलं नाही. तो नीथ या दुसऱ्या वेल्श क्लबकडून खेळला. १९५३ला लष्करात असतानाच विगनवाले त्याच्या घरी पोहोचले.

पुढचा प्रसंग आजोबांनी मला निदान तीनदा सांगितला, दर वेळी टेबल जरा मोठं होत गेलं. विगनच्या लोकांनी टेबलावर हजार पौंड मांडले. पाच पौंडांच्या त्या जुन्या नोटा, पांढऱ्या, एकाच बाजूला छापलेल्या, रुमालाएवढ्या. पोरगा नाही म्हणाला. मग त्याच्या आईने ही ब्याद टळावी म्हणून सांगितलं, तीन हजार द्या, करेल सही. आता हे उठून जातील अशी तिची खात्री. ते म्हणाले, ठीक आहे.

आई शब्दात सापडली. पोराने सही केली. मी हे ऐकताना सारखा त्या बाईचा विचार करत होतो. बाजारात भाव पाडून मागावा तसा तिने चढवून सांगितला, आणि समोरच्याने पिशवीच पुढे केली.

विगनसाठी त्याने ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय मारले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने खेळल्यावर त्याला १९५४च्या ग्रेट ब्रिटनच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर नेलं, तिथे १८ सामन्यांत ३६ ट्राय. वेल्सच्या युनियन संघात काळा माणूस दिसायला मात्र १९८०चं दशक उजाडावं लागलं. म्हणजे बिलीने काय गमावलं म्हणायचं? जे त्याला मिळणारच नव्हतं ते? लीगवाले हा मुद्दा छाती फुगवून सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण १९५७ला ऑस्ट्रेलियातल्या विश्वचषकानंतर ब्रिटनचा संघ प्रदर्शनीय सामन्यांसाठी वर्णभेदाच्या दक्षिण आफ्रिकेत गेला, तेव्हा बिलीला वगळून गेला. तो एकटाच घरी परतला. हे मी विचारलं तेव्हा आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले आणि चहाचं पाणी ठेवायला उठले.

या वाळीत प्रकरणाला एक फट होती ती युद्धाची. दुसऱ्या महायुद्धात लष्करापुरती बंदी उठवली गेली आणि १९४३ आणि १९४४ला लीगवाल्यांचा संघ विरुद्ध युनियनवाल्यांचा संघ असे दोन सामने झाले. दोन्ही युनियनच्या नियमांनी. दोन्ही लीगने जिंकले. युद्ध संपलं, बंदी पुन्हा लागू. सोबत मरायला चालतं, सोबत खेळायला नाही.

शेवटच्या मोठ्या 'उत्तरेला गेला'वाल्यांपैकी एक म्हणजे जोनाथन डेव्हिस. डिसेंबर १९८८ला वेल्स कार्डिफमध्ये चक्क रुमानियाकडून हरलं, कर्णधार तोच होता. पुढच्याच महिन्यात तो विडनेस या लीगच्या क्लबात गेला. वेल्समध्ये सुतक लागल्यासारखं झालं म्हणतात. पण त्याच्या नशिबाने काळ बदलत होता. १९९५च्या ऑगस्टअखेर पॅरिसमध्ये युनियनने जाहीर केलं की आता आम्हीही पैसे देणार. जॉर्ज हॉटेलातल्या त्या सभेला शंभर वर्षं व्हायला दोनतीन दिवस उरले होते. कुणी मुद्दाम मुहूर्त काढला नसेल, पण लागला. त्याच वर्षी डेव्हिस कार्डिफला परतला. मराठी वाचकाच्या मनात इथे 'घरवापसी' हा शब्द येणार, माझ्याही आला. फरक एवढाच की आपल्याकडचे पक्ष बदलणारे कधी वाळीत पडल्याचं मी पाहिलेलं नाही.

मे १९९६मध्ये मग एक भन्नाट प्रकार झाला. लीगचा अव्वल संघ विगन आणि युनियनचा अव्वल संघ बाथ, दोन सामने, एक याच्या नियमांनी, एक त्याच्या. लीगच्या नियमांनी विगनने ८२-६ असा धुव्वा उडवला. युनियनच्या नियमांनी बाथने ४४-१९ने परतफेड केली. आजोबा पहिल्या सामन्याला मँचेस्टरला होते. दुसऱ्याबद्दल ते एवढंच म्हणायचे की त्या दिवशी पंच फार बोलला.

पण हे दोन आकडे मला इतर कुठल्याही चर्चेपेक्षा जास्त सांगतात. कसलेले लोक, जन्म खेळण्यात गेलेला, चेंडू तोच, तरी अंगाला लागलेली सवय दगा देते. लीगच्या माणसाला पडल्यावर उठायची सवय. तीस वर्षं अंग तेच करत आलंय. युनियनमध्ये तो उठायला गेला, चेंडू धरून ठेवला, की शिट्टी. उलट युनियनचा माणूस लीगमध्ये गेला की त्याला दम पुरत नाही, कारण दर पकडीनंतर दहा मीटर मागे पळा आणि पुन्हा पुढे या. म्हणून कडेला खेळणारे, चपळ, मोकळ्या जागेत पळणारे लवकर रुळतात. ढिगाऱ्यात काम करणाऱ्यांचे हाल होतात. सॅम बर्जेसचंच बघा. २०१४ला सिडनीतल्या लीगच्या अंतिम सामन्यात सुरुवातीलाच गालाचं हाड मोडलं तरी हा गडी शेवटपर्यंत खेळला आणि जिंकला. लगेच युनियनसाठी बाथला आला, वर्षभरात इंग्लंडच्या विश्वचषक संघात. इंग्लंड साखळीतच बाहेर पडलं, खापर याच्या डोक्यावर फुटलं, आणि २०१५ संपायच्या आत तो परत सिडनीला. एका वर्षात माणसाने दुसरी भाषा शिकून त्यात भांडावंही, अशी अपेक्षा होती.

आणि याच्या उलट टोकाला २००३. सिडनीत युनियनच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंड २०, ऑस्ट्रेलिया १७. अख्ख्या सामन्यात दोनच ट्राय. पहिला ऑस्ट्रेलियाच्या लोटे तुकिरीचा, उंच आलेला चेंडू त्याने बुटक्या जेसन रॉबिन्सनच्या डोक्यावरून उडी मारून घेतला. दुसरा रॉबिन्सनचा, गवतावरून घसरत कोपऱ्यात. तुकिरी लीगमधून आलेला. रॉबिन्सन लीगमधून आलेला, आठ वर्षं विगनकडून खेळलेला. ज्यांना शंभर वर्षं दारात उभं केलं नाही, त्यांच्यापैकी दोघांनी युनियनच्या सगळ्यात मोठ्या दिवशी दोन्हीकडचे ट्राय मारले. आजोबा तो सामना बघताना कुणाच्या बाजूने होते, विचारलं मी. "विगनच्या," ते म्हणाले.

हे सगळं मी एका रविवारी काकांना फोनवर सांगत होतो. काका कबड्डी खेळायचे. डावा कोपरा. घोटा धरला की सुटका नाही, अशी ख्याती. सत्तरच्या दशकात त्यांनी आमच्या गल्लीचं मंडळ सोडलं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या मंडळात गेले, कारण तिथल्या एका पदाधिकाऱ्याने त्यांना एका कारखान्यात कायमची नोकरी लावून दिली. बदलीच्या रांगेतून सुटका. नंतर १९८२चा संप झाला, गिरणीतल्यांची वाताहत झाली, काका आणि त्यांच्या पगारावर आम्ही दोन घरं तगलो. पण गल्लीने त्यांना फितूर म्हटलं ते म्हटलंच. चाळीच्या जिन्याखाली कोळशाने लिहिलं होतं म्हणे. गणपतीत त्यांच्याकडे वर्गणी मागायला कुणी येत नसे, आणि मुंबईत यापेक्षा मोठा अपमान नाही. काका स्वतःहून मंडपात पाकीट ठेवून यायचे.

"आणि त्या बिलीला नंतर बोलावलं की नाही गाववाल्यांनी?" काकांनी विचारलं.

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. विगनमध्ये त्याचा पुतळा २०१६ला उभा राहिला होता, ते सांगितलं. "ते ठीक," काका म्हणाले, "ते सासर झालं."

कार्डिफचा पुतळा २०२३ला आला. बिली, क्लाइव्ह सलिव्हन आणि गस रिसमन, तिघेही कार्डिफचे, तिघेही उत्तरेला गेलेले. यातला सलिव्हन १९७२ला ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला आणि विश्वचषक जिंकून आला, ब्रिटनच्या कुठल्याही राष्ट्रीय संघाचा पहिला काळा कर्णधार. आता तिघे एकत्र, ब्राँझमध्ये, कार्डिफ बेमध्ये. पुढे २०२५ला नव्वदीच्या बिलीला 'सर' किताब मिळाला, रग्बी लीगमधल्या खेळाडूला मिळालेला पहिलाच. तोवर मी मुंबईत परतलो होतो. पुतळ्याचा फोटो काकांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून फोन नाकाजवळ धरला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बूट घातलेत ना रे?" काका अनवाणी खेळायचे.

त्याच सुमारास आमच्या गल्लीच्या मंडळाने जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. यादी कुणा नव्या पोरांनी केली होती, ज्यांना जुनी भानगड माहीत नव्हती, किंवा माहीत असून काही वाटत नव्हतं. काकांचं नाव त्यात होतं. काका जाणार नाही म्हणाले, मग इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला, मग पुन्हा जाणार नाही म्हणाले. शेवटी माझ्याबरोबर आले. मंचावर नाव पुकारलं तेव्हा टाळ्या वाजल्या, इतरांना वाजल्या तेवढ्याच. शाल, श्रीफळ, प्लास्टिकचं सन्मानचिन्ह. निवेदकाने सांगितलं की यांनी मंडळाची अखंड सेवा केली. काका माइककडे सरकल्यासारखे वाटले, पण नमस्कार करून उतरले.

नारळ त्यांनी घरी आणून देवापुढे ठेवला. आठ दिवस फोडू देईनात. नवव्या दिवशी काकूने त्यांना न विचारता फोडला आणि कोलंबीच्या कालवणाला वाटून घातला. काकांनी दोनदा वाढून घेतलं.